आंबेनळीचा घाट आणि हवेचा पंप

प्रवासास निघतांना कोणत्या वस्तु बरोबर घ्याव्या, याविषयीं आमच्या घरांत पूर्वीं कधीं मतभेद होत नसे. तांब्या, पंचा, सुईदोरा, चाकू, काडेपेटी आणि थोडी सुंठ एवढें पिशवींत पडलें कीं माणूस काशीयात्रेसहि सिद्ध झाला असें समजत. आतां या यादींत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे मोटारसायकलच्या चाकांत हवा भरण्याचा लहानसा पंप. वस्तु क्षुद्र खरी. परंतु ती ऐन वेळीं निरुपयोगी ठरल्यामुळें एका श्राद्धाची वेळ टळावयाची पाळी आमच्यावर आली होती. त्या प्रसंगानें जें शिकविलें तें घरोघरच्या वडील मंडळींच्या कानांवर घालावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचें बिऱ्हाड वाईस. मूळ घर मात्र कोंकणांत, गुहागरास. माझे वडील बंधु अण्णा शेवटपर्यंत त्या घरांत, व्याडेश्वराच्या सान्निध्यांत राहिले. त्यांना पुत्र नव्हता. त्यामुळें त्यांचें और्ध्वदेहिक मींच केलें, आणि २०२२ सालच्या मार्गशीर्षांत त्यांचें वर्षश्राद्धहि मलाच करावयाचें होतें. घरची मंडळी आदल्या दिवशीं मोटारीनें पुढें गेली. नातवाची महाविद्यालयांतील परीक्षा त्याच सायंकाळीं संपावयाची होती. तो दुसऱ्या दिवशीं पहांटे आपल्या मोटारसायकलवरून येणार होता. “घाटांतून एकट्यानें यायचें नाहीं,” असें सूनबाईंनीं त्याला बजावलें. तेव्हां, “मी त्याच्या मागें बसून येईन,” असें मीं सांगून टाकलें. श्राद्धाच्या कर्त्यानें असलें धाडस करावयास नको होतें, हें आतां कळतें.

पहांटे साडेपांचला आम्ही निघालों. वाईहून पांचगणीस चढणारा पसरणीचा घाट अवघा बारा किलोमीटरांच्या आंत संपतो. शाहीर साबळे यांचें जन्मगांव तें हेंच पसरणी. घाट चढून जाईपर्यंत खालीं वाईचे दिवे लुकलुकत होते. पांचगणीच्या पुढें उजाडूं लागलें आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस स्ट्रॉबेरीचे वाफे दिसूं लागले. सात वाजतां महाबळेश्वरीं पोहोंचलों. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम येथें मानतात. आम्ही कृष्णाकांठचे लोक आतां सावित्रीच्या खोऱ्यांत उतरणार होतों. कृष्णेचें पाणी पूर्वसमुद्रास जातें, सावित्रीचें पश्चिमसमुद्रास. आणि मधली पायरी म्हणजे आंबेनळीचा घाट.

महाबळेश्वरापासून पोलादपूरपर्यंत सुमारें चाळीस किलोमीटर हा घाटरस्ता वळणें घेत उतरतो. एका बाजूस डोंगराचा ताशीव कडा, दुसऱ्या बाजूस दरी. कुंभरोशीपाशीं प्रतापगडाचा फांटा फुटतो. ज्या गडाच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं शिवछत्रपति आणि अफझलखान यांची भेट झाली, त्यास मनोमन वंदन करून आम्ही पुढें उतरूं लागलों. चार-पांच वळणें झालीं असतील, तोंच गाडीचें मागचें चाक डोलूं लागलें. नातवानें वेग कमी करीत गाडी कठड्यापाशीं घेतली. टायरमध्यें दोन इंची खिळा रुतला होता आणि त्याच्या कडेनें उरलीसुरली हवा बारीक आवाज करीत निघून जात होती.

या गाडीच्या टायरांत ट्यूब नसते. टायरचीच कड रिमला घट्ट बसते आणि हवा कोंडून धरते. खिळा उपसावा, छिद्र कानशीसारख्या सळईनें साफ करावें आणि त्यांत चिकट दोरी खोंचावी. चाक काढावें लागत नाहीं. ती सामग्री नातवाजवळ होती आणि तें काम त्यानें पंधरा मिनिटांत सफाईनें केलें. छिद्र बुजलें, पण चाक रिकामें राहिलें.

आतां नातवानें ऐटीनें आपला बॅटरीचा पंप काढला व कळ दाबली. पंपानें एकवार तांबडा डोळा उघडला आणि मिटला. गणेशोत्सवापासून त्याला कोणीं चार्ज केलें नव्हतें. “असूं दे,” मी म्हणालों. आणि मनांत किंचित् आनंदहि झाला, तो लपवीत नाहीं. कारण माळ्यावरचा माझा जुना पितळी पंप मीं मोठ्या दूरदृष्टीनें पिशवींत घातला होता. त्या पंपानें हवा भरून मी कित्येक वर्षें सायकलवरून शाळेंत गेलों. परंतु येथें त्याची नळी व्हॉल्व्हवर बसेचना. सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो त्याची घडण निराळी. मोटारी व मोटारसायकली यांना जो असतो तो श्रेडर नांवाचा, १८९३ सालीं अमेरिकेंत पेटंट झालेला. त्याच्या आंत एक कांटा असून त्याच्या स्प्रिंगनें तोंड मिटलेलें राहतें. जन्मभर मुलांना ‘परीक्षेआधीं उजळणी करा’ असें सांगणाऱ्या मास्तरानें आपला पंप घरीं एकदां लावून पाहिला नव्हता. नातवानें माझ्याकडे पाहिलें, मीं त्याच्याकडे पाहिलें. दोघेहि कांहीं बोललों नाहीं.

त्या वळणावर मोबाइलला रेंज नव्हती. दोन मोटारी थांबल्या; त्यांच्यापाशीं पंप नव्हता. मी कठड्यावर बसून वेळेचा हिशेब करीत होतों. गुहागर अजून दीडशें किलोमीटर. श्राद्धाचा अपराह्णकाळ ठरलेला. तिकडे ब्राह्मण येऊन बसणार, स्वयंपाक सिद्ध होणार, आणि कर्ता मात्र सह्याद्रीच्या कड्यावर चाकाकडे पाहत बसलेला! नऊ वाजून गेल्यावर स्ट्रॉबेरीच्या खोक्यांनीं भरलेली एक पिकअप गाडी वरून आली. “काय झालं, बाबा?” चालकानें विचारलें. हकीकत ऐकून त्यानें आसनामागून पायानें दाबावयाचा एक पंप काढला, मळकट व जागोजाग पोंचे आलेला. नळी व्हॉल्व्हवर अडकवून तो त्यावर पाय देऊन उभा राहिला आणि बोलतां बोलतां पांच-सात मिनिटांत त्यानें चाक उभें केलें. मीं पैसे पुढें केले तों हंसून म्हणाला, “हवेचे कसले पैसे?” आणि गेला.

दोनला दहा मिनिटें कमी असतां गुहागरच्या पायरीशीं उतरलों. वहिनी ओटीवर उभ्या होत्या. अपराह्णकाळ अद्यापि होता. स्नान करून पाटावर बसलों. पिंडदानाच्या वेळीं हात थरथरत होते. तें श्रमानें कीं भीतीनें, सांगवत नाहीं. सर्व आटोपल्यावर वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, यांना तुम्ही कधीं वाट पाहायला लावली नाहींत. आजच…” आणि त्या आंत गेल्या. ते शब्द मला फार लागले.

वाईस परतल्यावर मीं ठरविलें कीं हा पंपाचा विषय एखाद्या पाठाप्रमाणें नीट अभ्यासावयाचा. हवा कोंडून तिच्यावर भार वाहण्याची युक्ति तशी जुनी. रॉबर्ट टॉमसन यानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें, परंतु ती तेव्हां रुजली नाहीं. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठीं तीच कल्पना पुनः शोधून काढली आणि ती जगभर पसरली. पंप मात्र त्याहून पुष्कळ जुना. संस्कृतांत ज्याला भस्त्रा म्हणतात तो लोहाराचा भाता याच जातीचा. प्राणायामाच्या भाषेंत बोलावयाचें तर पूरक पंपानें करावयाचा, कुंभक टायरनें. आणि रेचक खिळ्यानें केला कीं आपली यात्रा थांबते.

बाजारांत पंपांचे पांच प्रकार दिसले. हातांत मावणारा दट्ट्याचा पंप, सायकलच्या दुकानांत असतो तसा उभा पंप, पायानें दाबावयाचा, विजेचा, मग तो स्वतःच्या बॅटरीवर चालणारा असो वा गाडीच्या बॅटरीला जोडावयाचा, आणि कार्बन डायऑक्साइड वायूच्या लहान पोलादी डब्या. दुकानदार प्रत्येकाची स्तुति सारख्याच उत्साहानें करतो. म्हणून मीं पाटी-पेन्सिल घेतली.

आमच्या मागील टायरची पोकळी भूमितीनें मोजली, ती सुमारें १२ लिटर भरली. तींत ३२ पौंडांचा दाब आणावयाचा. हा दाब म्हणजे बाहेरच्या वातावरणाच्या सुमारें २.२ पट, म्हणून १२ ला २.२ नें गुणिलें असतां बाहेरची सुमारें २६ लिटर हवा आंत कोंबावी लागते. हातांतल्या पंपाची नळी आंतून २.२ सेंटिमीटर व्यासाची आणि दट्ट्याची चाल १६ सेंटिमीटर. एका दाबांत ६१ घनसेंटिमीटर हवा जाते. म्हणजे किमान ४२५ वेळां दाबावें लागणार. उभ्या पंपाचा व्यास ३.२ आणि चाल ४५. त्यानें तेंच काम ७२ दाबांत होतें. परंतु दट्ट्या रुंद झाला कीं जोरहि वाढतो. अखेरच्या दाबांस लहान पंपावर सुमारें साडेआठ किलोंचा भार पुरतो, उभ्या पंपावर अठरा किलोंचा लागतो. ज्यानें दाबांची संख्या वांचविली त्यानें बळ अधिक द्यावें, असा हा सृष्टीचा चोख व्यवहार आहे.

उभा पंप गाडीवर मावत नाहीं, म्हणून तो वगळला. वायूची डबी दिसावयास मोठी नामी. परंतु १६ ग्रॅमच्या डबींतून सुमारें नऊ लिटर वायु निघतो, म्हणजे एका चाकास तीन डब्या. त्या संपल्या कीं संपल्या. दुसऱ्या खिळ्यास उत्तर नाहीं. पायाच्या पंपाविषयीं मनांत कृतज्ञता होती. हातानें जो जोर होत नाहीं तो अंगाच्या वजनानें सहज होतो, हा त्याचा मोठा गुण. ज्यांच्या गाडीस बाजूच्या पिशव्या आहेत त्यांनीं तो अवश्य घ्यावा. आमच्या गाडीस त्या नाहींत, आणि आसनाखालच्या जागेंत तो बसेना.

राहिले दोन: हातांतला आणि विजेचा. विजेच्या पंपांतहि निवड आहे. स्वतःच्या बॅटरीचा पंप सुटसुटीत खरा, परंतु बॅटरी पडून राहिली कीं हळूहळू उतरते आणि उन्हांत तापली कीं तिचें आयुष्य घटतें. गाडीच्या बॅटरीला जोडावयाच्या १२ व्होल्टच्या पंपास हें पथ्य नाहीं. गाडी जोंवर सुरू होते तोंवर पंपहि चालतो. मात्र असा लहान पंपसुद्धां दहा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. मोबाइल चार्ज करण्याच्या जागीं तो जोडला तर तेथील फ्यूज जळण्याचा संभव. म्हणून त्याचे चिमटे थेट बॅटरीस लावावे, आणि त्यासाठीं आपल्या गाडीची बॅटरी कोठें आहे व तिचें झांकण कसें उघडतें हें आधीं पाहून ठेवावें. हवा भरतांना इंजिन चालू ठेवावें, पण मोकळ्या जागेंत. पंप तापला कीं त्याला थोडी विश्रांति द्यावी.

कोणताहि पंप घेतला तरी तीन गोष्टी पाहाव्याच. पहिली, त्याचें तोंड आपल्या व्हॉल्व्हला बसतें ना. दुसरी, त्याला लवचीक नळी आहे ना. कारण मोटारसायकलच्या चाकांत ब्रेकची तबकडी व सांखळीचें दांतेरी चक्र यांमुळें जागा अडचणीची असते, ताठ पंप तेथें शिरत नाहीं आणि शिरला तरी हिसक्यांनीं व्हॉल्व्हचें रबर दुखावतें. तिसरी, दाब दाखविणारें मापक खरें बोलतें ना. तें वेगळ्या मापकाशीं ताडून पाहावें. आणखी एक मर्यादा ध्यानांत असावी. टायरची कड रिमवरून सुटली असेल तर असला लहान पंप कांहीं करूं शकत नाहीं. तो भरतो त्याहून अधिक हवा कडेनें निघून जाते. आणि ज्यांच्या चाकांत ट्यूब आहे त्यांचें काम चिकट दोरीनें भागत नाहीं. त्यांना ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावण्याची तयारी ठेवावी लागते.

नातू म्हणाला, “विजेचा घेऊं.” मी म्हणालों, “हातांतला घेऊं. मनुष्याचा हात कधीं उतरत नाहीं.” अखेर दोन्ही आणले आणि वाड्याच्या अंगणांत परीक्षा मांडली. मागील चाकाची हवा पूर्ण सोडली. घरांतील मंडळी पडवींत येऊन बसली. प्रथम मीं हातपंप घेतला. पन्नास दाबांपर्यंत मी विजयी मुद्रेनें मोजीत होतों. शंभरावर मोजणें थांबलें. दीडशें झाले तों दम लागला, घाम फुटला आणि सूनबाईंनीं पंप माझ्या हातांतून काढून घेतला. मापकावर दहा पौंडहि दिसत नव्हते. उरलेलें नातवानें पुरें केलें. एकूण दाब ४७० च्या पुढें गेले, कारण प्रत्येक दाबांतील थोडी हवा नळींतच राहते. नंतर चाक पुनः रिकामें करून विजेचा पंप लावला. गोंगाट पुष्कळ झाला, पण चार मिनिटांत काम झालें. मग सूनबाईंनीं चिमटे स्वतः लावून तेंच पुनः करून दाखविलें.

मनुष्याचा हात उतरत नाहीं हें माझें विधान चूक होतें. तो वयाबरोबर उतरतो, आणि बॅटरीप्रमाणें त्याला रात्रींत भरतां येत नाहीं. आंबेनळींत माझा पंप व्हॉल्व्हला बसला असता तरी तें चाक माझ्यानें भरलें नसतें, हें त्या दिवशीं अंगणांत कळलें. हें तेथें दरीच्या कांठीं कळण्यापेक्षां येथें चार माणसांच्या हंशांत कळलें, हें पुष्कळ बरें. पंप दुकानांतील प्रकाशांत पाहून निवडावयाचा नसतो. तो जेथें लागणार तें स्थळ आणि तो ज्याला चालवावा लागणार तें माणूस डोळ्यांसमोर आणून निवडावयाचा असतो. गाडीवर बसणाऱ्यांत जो सर्वांत दुबळा, त्याला तो चालवितां आला पाहिजे.

तथापि हातपंप आम्हीं टाकला नाहीं. गाडीची बॅटरीच दगा देईल तर? अशा वेळीं ३२ पौंड भरण्याची आवश्यकता नाहीं. वीस पौंड भरले तरी बुजविलेल्या चाकावर सावकाश पुढचें गांव गांठतां येतें. आणि त्यास सुमारें तीनशें दाब पुरतात, जे तरुण माणूस विसावे घेत देऊं शकतो. म्हणून मुख्य पंप विजेचा, सोबतीस हातपंप आणि एक मापक, असें ठरलें. तिन्ही एका लहान पिशवींत आसनाखालीं मावतात. माझा पितळी पंप पुनः माळ्यावर गेला. सायकलसाठीं तो अजूनहि उत्तम आहे.

पुढील वर्षीं मंडळीबरोबर मोटारीनें जावें असें सर्वांनीं सुचविलें. पण मीं पुनः मोटारसायकलच पत्करली. या वेळीं आदल्या दिवशीं निघालों. वाईस पहांटेच्या गारव्यांत बरोबर ३२ पौंड हवा भरली. आंबेनळींतील त्या वळणावर थांबून चहा घेतला; कांहीं घडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं गुहागरास नातवानें मापक लावलें तों तेंच ३२. तो म्हणाला, “आजोबा, आपण सातशें मीटर खालीं आलों. येथें बाहेरच्या हवेचा दाब जास्त. मग मापकावर एक पौंड कमी दिसायला हवा होता.” मुलानें प्रश्न नेमका विचारला याचा मला आनंद झाला. मीं सांगितलें, उंचीनें एक पौंड नेला हें खरें, पण वाईच्या थंडींत भरलेली हवा समुद्रकांठच्या उबेनें फुगली आणि तिनें तो परत दिला. म्हणून दाब नेहमीं चाक थंड असतांना, प्रवासापूर्वीं पाहावा. धांवून तापलेल्या चाकाचें मापक खरें सांगत नाहीं. ओटीवर बसून वहिनी हें सर्व ऐकत होत्या. “हे असते तर त्यांनीं हा हिशेब वहीत लिहून ठेवला असता,” त्या म्हणाल्या. श्राद्ध त्या दिवशीं वेळेच्या आधीं सिद्ध होतें.

आतां नातू घाटांतून एकटाहि जातो. सूनबाईंनीं परवानगी दिली, ती एका अटीवर. आमच्या घरांत संकष्टी चतुर्थी कोणी विसरत नाहीं. म्हणून त्या दिवशीं सायंकाळीं चंद्रोदयाची वाट पाहत असतां पंपाची पिशवी अंगणांत काढावयाची, चिमटे बॅटरीस लावून पंप मिनिटभर चालवावयाचा, हातपंपाचा दट्ट्या दोन वेळां ओढून पाहावयाचा आणि दोन्ही चाकांचा दाब मोजावयाचा. नातू बाहेरगांवीं असला तर त्यानें तेथें करावयाचें आणि फोन करून कळवावयाचें. महिन्यांतून एकदां दहा मिनिटें लागतात. त्यानंतर आम्ही उपास सोडतों.